काडीवरचे पन्हे, काडीवरची सोलकढी: वेगळ्या स्वादाच्या बर्फकांड्या घरी कशा कराव्यात

गल्लीत "गारेगार" अशी आरोळी आली की धावत जाऊन घेतलेली नारिंगी कांडी बहुतेकांना आठवत असेल. ती चोखता चोखता दोन-चार मिनिटांतच रंग आणि गोडी निघून जाई आणि काडीवर पांढरा, बेचव बर्फ उरे. घरी पहिल्यांदाच कांड्या करणाऱ्याच्या हातून नेमकी तशीच कांडी तयार होते, आणि त्याचे कारणही साधे आहे: पेल्यात छान लागणारे सरबत तो जसेच्या तसे साच्यात ओततो. कोकम, भाजलेली कैरी, पेरू, उसाचा रस, सोलकढी, विड्याचे पान असे आपल्या घरातलेच स्वाद काडीवर फार सुंदर उतरतात. परंतु पेय गोठवायचे ठरले की त्यातली साखर, मीठ, आंबटपणा आणि दाटपणा हे चौघेही नव्याने बसवावे लागतात. ते कसे बसवायचे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

आधी थोडे शास्त्र

पाणी गोठते तेव्हा त्याचे स्फटिक जवळजवळ शुद्ध पाण्याचेच बनतात. साखर, आंबटपणा, रंग आणि वास हे सारे बाजूला ढकलले जाऊन स्फटिकांच्या मधल्या फटींत दाट पाकाच्या रूपाने अडकून राहते. मिश्रण पातळ असेल आणि सावकाश गोठत असेल, तर स्फटिक मोठे होतात, फटीही रुंद होतात आणि चोखताच त्यांतला पाक ओढला जातो. उरतो तो पांढरा बर्फ. ह्यावर उपाय दोन आहेत. एक म्हणजे मिश्रण शक्य तितके लवकर गोठवणे. दुसरा म्हणजे त्याला थोडा दाटपणा देणे, मग तो फळाच्या गराचा असो, नारळाच्या दुधाचा असो किंवा शिजवलेल्या आरारुटाचा.

साखर कांडीत केवळ गोडीसाठी नसते, कांडी दाताने तुटेल इतकी मऊ ठेवण्याचे कामही तिचेच असते. तयार मिश्रणात साखरेचे प्रमाण, फळातली साखर धरून, साधारण १५ ते १८ टक्के असावे. १० टक्क्यांच्या खाली गेल्यास कांडी दगडासारखी होते, आणि २५ टक्क्यांच्या वर गेल्यास ती नीट गोठतच नाही, साच्यातून काढताना काडी तेवढी हातात येते. शिवाय थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते. त्यामुळे साच्यात ओतण्यापूर्वी चाखलेले मिश्रण "जरा जास्तच गोड आणि जरा जास्तच आंबट झाले" असे वाटले, तरच ते बरोबर आहे असे समजावे. नवशिक्यांना हे पटत नाही आणि ते शेवटच्या क्षणी अर्धा पेला पाणी घालतात. तो मोह टाळावा.

मिठाचे मात्र उलट आहे. वजनास वजन धरले तर मीठ पाण्याचा गोठणबिंदू साखरेपेक्षा दहापटींहून अधिक खाली नेते. हे मी पुस्तकातून नव्हे, तर कोकमाचे आगळ वाया घालवून शिकले. आगळ हा मीठ घालून टिकवलेला कोकमाचा रस असतो. तो मी पाण्यात मिसळला, साखर घातली, साचे भरले आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले. सकाळी साच्यात लालभडक, खारट चिखल होता, आणि दुसऱ्या दिवशीही तो चिखलच राहिला. तेव्हापासून आगळाला कांडीच्या वाटेला जाऊ देत नाही. अर्धा लिटर मिश्रणात चिमूटभर, फार तर पाव चहाचा चमचा मीठ पुरे. अधिक खारटपणा हवा असेल तर तो कांडी तयार झाल्यावर बाहेरून लावावा.

साधने

साचे प्लास्टिकचे, सिलिकॉनचे किंवा स्टीलचे घ्यावेत. घरात कुल्फीचे जुने ॲल्युमिनियमचे साचे असतील तर ते दुधाच्या कांड्यांसाठी राखून ठेवावेत. कोकम, कैरी, चिंच असे आंबट मिश्रण ॲल्युमिनियमशी प्रक्रिया करते आणि कांडीला धातूची चव येते. बाजारात मिळणाऱ्या सर्वसाधारण साच्यात ६० ते ७० मिलिलिटर मिश्रण मावते, म्हणजे अर्ध्या लिटरमध्ये सात-आठ कांड्या होतात. साचे नसतील तर स्टीलचे लहान उभे पेले किंवा कागदी कप चालतात. कागदी कपाची सोय अशी की तो सरळ फाडून टाकता येतो.

काड्या आईस्क्रीमच्या म्हणून मिळतात त्या चपट्या लाकडी घ्याव्यात. कबाबाच्या टोकदार काड्या मुलांच्या हाती देऊ नयेत, आणि गुळगुळीत गोल काडीवरून कांडी गरगर फिरते. ह्या काडीचीही एक गोष्ट सांगितली जाते: १९०५ मध्ये अमेरिकेत फ्रँक एपर्सन नावाच्या ११ वर्षांच्या मुलाने सोड्याची पूड कालवलेला पेला ढवळण्याच्या काडीसकट रात्री बाहेर विसरला आणि सकाळी तो काडीभोवती गोठलेला सापडला. पुढे १९२४ मध्ये त्याला ह्या कल्पनेचे पेटंट मिळाले.

ह्याखेरीज बारीक जाळीची गाळणी, मिक्सर आणि शक्य असेल तर ग्रॅममध्ये वजन दाखवणारा काटा असावा. आपल्याकडे पाककृती वाटीने सांगण्याची पद्धत आहे आणि एरवी ती उत्तम चालते. परंतु प्रत्येक घरातली वाटी वेगळी असते, आणि कांडीत वीस-तीस ग्रॅम साखरेचा फरक लगेच जाणवतो.

साधा पाक आणि पाणी

२०० ग्रॅम साखर आणि २०० मिलिलिटर पाणी मंद आचेवर ठेवावे, साखर पूर्ण विरघळून एक उकळी आली की लगेच उतरवावे. तार पाहायची नाही. एकतारी पाक इथे फार दाट होतो. हा पाक साधारण सव्वातीनशे मिलिलिटर होतो आणि त्याच्या दर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ६० ग्रॅम साखर असते. एवढा एक आकडा लक्षात ठेवला की कोणत्याही फळाचा हिशेब करता येतो. बाटलीत भरून तो फ्रीजमध्ये ठेवावा. आठवडाभर सहज टिकतो.

पाणी उकळून गार केलेले किंवा गाळणयंत्राचे असावे. गोठवल्याने पाण्यातले जंतू मरत नाहीत, ते केवळ सुप्त होतात. रस्त्यावरच्या बर्फाबद्दल आपण जी काळजी करतो ती घरच्या कांडीलाही लागू आहे.

पहिली कांडी: कोकम आणि जिरे

सुरुवात कोकमापासून करावी, कारण ह्यात शिजवण्याचे काम जवळजवळ नाही आणि चुकण्याच्या जागाही थोड्या आहेत. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडून येणाऱ्या आमसुलांत दोन प्रकार असतात: काहींना मिठाचे पुट दिलेले असते, तर काही बिनमिठाची, खास सरबतासाठी वाळवलेली असतात. दुकानात विचारून बिनमिठाचीच घ्यावीत. ती न मिळाल्यास मिठाची आमसुले दोन पाण्यांनी चटकन धुऊन घ्यावीत. तयार बाटलीतले गोड कोकम सरबत वापरायचे असेल तर ते चालते, मात्र त्यात साखर आधीच भरपूर असल्यामुळे पाक घालू नये, आणि पिण्यासाठी जेवढे पाणी घालतो त्यापेक्षा थोडे कमी घालावे.

२५ ते ३० ग्रॅम आमसुले २०० मिलिलिटर कोमट पाण्यात तीन-चार तास भिजत घालावीत. पाणी गडद, जांभळट लाल होते आणि आमसुले फुगून मऊ पडतात. ती हाताने चांगली कुस्करावीत आणि पाणी बारीक गाळणीतून गाळून चोथा घट्ट पिळून घ्यावा. ह्यात दीडशे मिलिलिटर साधा पाक, पाव चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि एक चिमूट काळे मीठ घालून, एकूण मिश्रण अर्धा लिटर होईल इतके पाणी ओतावे. जिरे ताजे भाजून, गार करून मगच कुटावे. महिनाभर डब्यात पडून राहिलेली पूड कांडीत लाकडाच्या भुशासारखी लागते.

कोकमाला गर नसल्यामुळे दाटपणा बाहेरून द्यावा लागतो. वर सांगितलेल्या पाण्यातूनच अर्धी वाटी पाणी बाजूला काढून त्यात एक सपाट चहाचा चमचा आरारूट थंड असतानाच कालवावे, मंद आचेवर सतत ढवळत ते पारदर्शक होईपर्यंत शिजवावे आणि गार झाल्यावर मिश्रणात मिसळावे. कच्चे आरारूट तसेच घातले तर ते साच्याच्या तळाशी बसते आणि कांडीच्या टोकाला खडूसारखी चव येते. आरारूट नसल्यास साबुदाण्याची पातळ, गाळलेली पेज तेच काम करते; उपवासाला साबुदाणा भिजवणाऱ्या घरात तो असतोच.

आता चव पाहावी, आणि एक छोटी चाचणीही करावी. चमचाभर मिश्रण स्टीलच्या वाटीत घालून वाटी ४०-४५ मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवावी. चमच्याने खरवडल्यावर ते दाणेदार आणि ओलसर निघाले तर प्रमाण ठीक आहे. ते काचेसारखे कडक असेल तर दोन चमचे पाक वाढवावा, आणि गोठलेच नसेल तर पाणी वाढवावे. पहिल्या काही खेपांना ही चाचणी टाळू नये; सात कांड्या फुकट घालवण्यापेक्षा पाऊण तास थांबणे बरे.

मिश्रण साच्यात ओतण्यापूर्वी फ्रीजमध्ये चांगले गार करावे, कारण गार मिश्रण लवकर गोठते आणि लवकर गोठलेल्या कांडीचे स्फटिक बारीक राहतात. साचा काठापर्यंत भरू नये. गोठताना पाणी सुमारे ९ टक्क्यांनी फुगते, म्हणून वर अर्धा सेंटिमीटर जागा सोडावी. फेस आला असेल तर तो चमच्याने काढून टाकावा. झाकणात काडी धरण्याची खाच असेल तर प्रश्न नाही. नसल्यास साचे तसेच तास-सव्वा तास फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि वरचा थर चिखलासारखा झाला की काडी सरळ रोवावी. आधी रोवलेली काडी तरंगते किंवा कलते. साच्यावर ॲल्युमिनियमची पातळ फॉइल ताणून बसवून तिच्यातून काडी घालणे ही आणखी एक युक्ती आहे, आणि कागदी कपांसाठी तीच सर्वांत सोयीची.

फ्रीजर उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर पाच-सहा तास पुरतात, पण रात्रभर ठेवणे अधिक खात्रीचे. साचे मागच्या बाजूला, थंड पत्र्याला टेकून ठेवावेत आणि मध्ये मध्ये दार उघडून पाहू नये. (मुले असलेल्या घरात ही सूचना लिहिणे सोपे आहे, एवढेच म्हणते.)

काढताना साचा नळाच्या साध्या पाण्यात दहा ते वीस सेकंद बुडवावा आणि काडी सरळ वर ओढावी. ती पिळू नये, पिळल्यास काडी आतल्या आत फिरून सुटते. गरम पाणी वापरल्यास कांडीचा बाहेरचा थर वितळतो आणि तिच्यावरची नक्षीही जाते.

हा क्रम एकदा हाताला बसला की पुढच्या सर्व कांड्यांना तोच लागू होतो. म्हणून आता फक्त मिश्रणांविषयी सांगते.

भाजलेल्या कैरीचे पन्हे

उकडलेल्या कैरीचे पन्हे सर्वांना ठाऊक आहे. कांडीसाठी मात्र कैरी भाजावी, कारण धुराचा वास थंडीतही टिकून राहतो, आणि कैरीचा स्वाद थंडीने जेवढा मागे हटतो तेवढी जागा तो भरून काढतो. दोन मध्यम कैऱ्या गॅसच्या ज्योतीवर जाळी ठेवून, वांगे भाजतो तशा फिरवत भाजाव्यात. साल सगळीकडून काळी पडून फुटू लागली आणि चिमट्याने दाबल्यावर कैरी मऊ लागली की ती झाकून ठेवावी, गार झाल्यावर साल काढावी आणि गर बाठीपासून सोडवून घ्यावा. सालीचे चार काळे ठिपके गरात राहिले तर राहू द्यावेत, त्यांतच वास असतो.

२०० ग्रॅम गर, ११० ग्रॅम चिरलेला गूळ, २५० मिलिलिटर पाणी, चिमूटभर मीठ आणि तीन-चार वेलचींची पूड मिक्सरमधून काढून गाळावे. गुळात सगळी साखरच नसते, म्हणून तो साखरेपेक्षा थोडा जास्त घ्यावा लागतो. केशर घालायचे असल्यास ते कोमट पाण्यात खलून घालावे. भाजलेल्या कैरीत मात्र ते धुरापुढे हरवते. केशर उकडलेल्या कैरीसाठीच ठेवलेले बरे, असे माझे मत आहे. कैरीच्या गरात स्वतःचा दाटपणा असल्यामुळे आरारुटाची गरज पडत नाही. कैरी किती आंबट आहे त्यावर गुळाचे प्रमाण दहा-वीस ग्रॅमने मागेपुढे करावे.

पेरू, आणि तिखट-मीठ बाहेरून

शाळेबाहेर चिरून, तिखट-मीठ भुरभुरून मिळणारा पेरू कांडीत आणायचा असेल तर तिखट-मीठ मिश्रणात घालायचे नाही. मीठ आत गेले की कांडी मऊ पडते, आणि तिखट गोठलेल्या गरात विखुरले की जिभेला नुसती चुणचुण जाणवते. ते बाहेरच हवे.

३०० ग्रॅम पिकलेले पेरू, आतून गुलाबी मिळाले तर उत्तम, चिरून १०० मिलिलिटर पाण्यात पाच-सात मिनिटे मऊ होईपर्यंत शिजवावेत. गार झाल्यावर मिक्सर हलकेच फिरवावा. जोरात फिरवला तर बिया चुरडतात आणि गर कडवट, वाळूसारखा होतो. गाळणीवर डावाने दाबून बिया वेगळ्या कराव्यात. ह्यात १२० मिलिलिटर पाक, दोन चमचे लिंबाचा रस आणि मिश्रण अर्धा लिटर होईल एवढे पाणी घालावे. पेरूत पेक्टिन भरपूर असल्यामुळे ही कांडी सर्वांत मऊसर होते, चोखून पांढरी पडत नाही, आणि पहिल्याच प्रयत्नात जमते.

बशीत दोन चमचे लाल तिखट, एक चमचा मीठ आणि अर्धा चमचा आमचूर एकत्र करावे. साच्यातून काढलेली कांडी अर्धा मिनिट हवेत धरावी, म्हणजे तिच्यावर पाण्याचा पातळ थर येतो. मग तिचे टोक बशीत टेकवावे. मीठ लागताच तिथला बर्फ पाझरू लागतो आणि तिखटासकट एक लालसर ओघळ काडीकडे उतरतो. तो हातावर येण्याआधी पहिला घास घ्यावा लागतो. मेक्सिकोत "पालेता" नावाच्या काडीवरच्या बर्फात आंबा आणि मिरचीची जोडी लोकप्रिय आहे. आपल्या पेरूवाल्याला ते ऐकून नवल वाटणार नाही.

उसाचा रस

ताज्या उसाच्या रसात साखर मुळातच १५ ते २० टक्के असते, म्हणजे कांडीला हवी तेवढीच. ह्यात काही गोड घालायचे नाही. अडचण दुसरीच आहे: रस हवेत राहिला की तासाभरात काळपट होतो आणि त्याचा वास बदलतो. म्हणून रसवंतीतून बर्फ न घालता रस आणावा, घरी आणताच पातेल्यात उकळी आणावी आणि वर येणारी करडी मळी गुऱ्हाळात काढतात तशी झाऱ्याने काढून टाकावी. उकळल्याने रंग टिकतो आणि स्वच्छतेची चिंताही मिटते, मात्र चवीत थोडा काकवीचा भास येतो. मला तो आवडतो, सर्वांना आवडेलच असे नाही. गार झाल्यावर अर्ध्या लिटरला एक चमचा आल्याचा रस आणि एका लिंबाचा रस घालून गाळावे. दाटपणासाठी आरारूट कोकमाप्रमाणेच वापरावे.

सोलकढी

ही सर्वांत अवघड आणि सर्वांत वेगळी कांडी आहे. नवशिक्याने किमान दोन-तीन सोप्या कांड्या जमल्यावरच हिच्याकडे वळावे.

सोलकढी गोडाची नसते, आणि साखर न घालता ती गोठवली तर तिचा दगड होतो. मीठ वाढवून मऊ करावी तर ती खाववत नाही. त्यातून वाट काढताना दोन गोष्टी कामी येतात: नारळाच्या दुधातला स्निग्धांश, जो बर्फाची धार बोथट करतो, आणि साधारण ६० ग्रॅम साखर, जी थंडीत गोड म्हणून फारशी जाणवत नाही. एका नारळाचा चव कोमट पाण्यात वाटून, पिळून २५० मिलिलिटर दाट दूध काढावे. १५-१६ आमसुले १०० मिलिलिटर पाण्यात भिजवून त्यांचा अर्क घ्यावा. एक चमचा आरारूट १०० मिलिलिटर साध्या पाण्यात वेगळे शिजवून पूर्ण गार करावे. लसणाची अर्धीच पाकळी, अर्धी हिरवी मिरची आणि कोथिंबिरीचे चार-पाच देठ ठेचून नारळाच्या दुधात दहा मिनिटे ठेवावेत आणि मग गाळून काढावेत. लसणाच्या बाबतीत हात आखडता घेतलेलाच बरा, कारण कांडी दोन-तीन दिवस राहिली तरी त्याचा वास वाढलेला जाणवतो. शेवटी साखर, पाव चमचा मीठ, आरारुटाचे पाणी आणि कोकमाचा अर्क घालून सगळे एकजीव करावे. रंग फिकट गुलाबी यायला हवा.

मिश्रण कोणत्याही टप्प्यावर तापवू नये, नाहीतर ते फुटते. साच्यात ओतण्याच्या क्षणी पुन्हा एकदा घुसळावे आणि सर्वांत थंड जागी ठेवावे. सावकाश गोठल्यास नारळाचे तेल वर येऊन काडीच्या बाजूला मेणासारखा पांढरा थर जमतो. मासळीच्या जेवणानंतर ही कांडी वाढली की पहिल्या घासाला पाहुणे बुचकळ्यात पडतात, आणि निम्मे जण दुसरी मागतात. उरलेले निम्मे मागत नाहीत, हेही सांगून ठेवते.

मसाला ताकाची कांडी ह्याच जातीची, पण पुष्कळ सोपी आहे. तासभर फडक्यात टांगलेले ३०० ग्रॅम दही, ७० ग्रॅम साखर, १२० मिलिलिटर पाणी, एक चमचा आल्याचा रस, जिऱ्याची पूड आणि चिमूटभर काळे मीठ घुसळून घ्यावे. कढीपत्त्याची पाने कोरडीच भाजून चुरावीत. तुपाची फोडणी देऊ नये, कारण तूप थंडीत गोळे होऊन टाळूला चिकटते.

विड्याचे पान आणि गुलकंद

४०० मिलिलिटर म्हशीचे दूध आटवून ३०० मिलिलिटर करावे, त्यात ३० ग्रॅम साखर आणि दोन मोठे चमचे दुधाची पूड विरघळवून ते पूर्ण गार करावे. पाने गरम दुधात घातली तर त्यांचा हिरवा रंग मातकट होतो. चार कोवळी पाने शिरा काढून, थोड्या गार दुधात बारीक वाटून गाळावीत आणि उरलेल्या दुधात मिसळावीत. तीन मोठे चमचे गुलकंद आणि अर्धा चमचा कुटलेली बडीशेप गाळल्यानंतर घालावी, म्हणजे पाकळ्या दाताखाली येतात. चुना आणि कात अर्थातच नको.

काय टाळावे

कच्चा अननस किंवा कच्ची पपई दुधात मिसळू नये. त्यांतली पाचक द्रव्ये दुधातली प्रथिने तोडतात आणि मिश्रण कडू होते. फळे आधी शिजवली तर ही अडचण राहत नाही. शहाळ्याच्या पाण्यात साखर फार थोडी असल्याने ते नुसते गोठवू नये. त्यात पाक घालून ताडगोळ्याचे पातळ काप सोडले तर काचेसारखी देखणी कांडी होते. कलिंगडाच्या मोठ्या फोडी घालू नयेत, त्या दाताखाली गारगोट्या होतात. गोव्याकडच्या मित्रांनी सुचवलेली फेणी घरच्या फ्रीजरमध्ये गोठत नाही. हौस असेल तर अर्ध्या लिटरला दोन चमच्यांच्या पुढे जाऊ नये आणि त्या कांड्या मुलांच्या कांड्यांपासून वेगळ्या ठेवाव्यात. मधाने कांडी साखरेपेक्षा बरीच मऊ पडते, म्हणून तो कमी घ्यावा. वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये.

फ्रीजर धड नसेल तर

एकदारी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात कांड्या कधी कधी अर्धवटच गोठतात. अशा वेळी कुल्फीवाल्याच्या मटक्याची युक्ती वापरावी. तीन भाग फोडलेला बर्फ आणि एक भाग खडे मीठ एकत्र केले की त्याचे तापमान शून्याच्या खूप खाली जाते. झाकणाचे कुल्फीचे साचे, आणि मिश्रण आंबट असल्यास स्टीलचे उभे डबे, पाऊण भरून झाकणाच्या कडेला भिजवलेली कणीक लावावी, म्हणजे खारे पाणी आत शिरत नाही. मोठ्या पातेल्यात ते बर्फात गळ्यापर्यंत रोवून, पातेले गोणपाटात किंवा जुन्या गोधडीत गुंडाळावे. दोन-अडीच तासांत मिश्रण गोठते, आणि लवकर गोठल्यामुळे त्याचा पोत फ्रीजरमधल्या कांडीपेक्षाही बारीक असतो. काडी इथे मधेच घालता येत नाही; कुल्फीप्रमाणे साच्यातून काढल्यावरच खोचावी.

ठेवण

साच्यातून काढलेली प्रत्येक कांडी बटर पेपरमध्ये गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. फ्रीजरमध्ये सुकी मासळी किंवा वाटलेला मसाला असेल तर उघड्या कांडीला त्याचा वास दोन दिवसांत लागतो. दुधाच्या आणि नारळाच्या कांड्यांना तर सर्वांत आधी. फळांच्या कांड्या तीन आठवडे, दुधाच्या आणि सोलकढीच्या कांड्या आठ-दहा दिवस चांगल्या राहतात. त्यानंतर त्या बिघडतात असे नाही, पण त्यांच्यावर बर्फाचे काटे येतात आणि स्वाद उतरतो.

वीज बराच वेळ गेली आणि कांड्या वितळल्या, तर दुधाच्या आणि नारळाच्या कांड्या पुन्हा गोठवू नयेत, टाकून द्याव्यात. कोकमाचे, कैरीचे किंवा पेरूचे वितळलेले मिश्रण थंडगार असेल तोवर गाळून घ्यावे, त्यात त्याच्या निम्मे पाणी घालावे आणि पेल्यांत ओतून लगेच सर्वांना द्यावे. काडीसाठी मुद्दाम वाढवलेली गोडी आणि आंबटपणा एवढ्या पाण्यात बरोबर सरबताला येतात.